शनिवारची आळी

अलिबाग,
रविवार, रात्री दहा

प्रिय निमे,

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. उत्तराला उशीर केला, कारण तू जे विचारलंस ते दोन ओळींत सांगून भागणारं नव्हतं. "चेंढऱ्याला, कुरूळला निवांत खोल्या मिळतात म्हणतेस, मग भर गावातल्या गोंगाटात कशाला राहतेस?" आईही हेच विचारते. तुला नीट लिहिते, म्हणजे तू तिला समजावशील.

आधी पहिल्या खोलीचं, फोनवर अर्धवटच राहिलं होतं ते. किनाऱ्याजवळची होती, भाडं साडेपाच हजार, खिडकीतून समुद्रातला कुलाबा किल्ला दिसायचा. एप्रिलच्या वीस तारखेला मालक म्हणाले, "मेचा सीझन आलाय, महिनाअखेर खोली मोकळी करा." एका रात्रीचे दोन हजार मोजणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना माझे महिन्याचे साडेपाच हजार कुणाला हवेत? करार साध्या स्टँपपेपरवर, नोंदणी नाही. नंतर ऑफिसातल्या एका मॅडमनी सांगितलं, की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, आणि तो नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध केलं तरच बदलतं. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मुकाट्याने गादी गुंडाळली. तू पुण्यात खोली बघतेयस ना, अनामत हातावर ठेवण्याआधी नोंदणीचं बोलून घे.

त्या दहा दिवसांत चौदा घरं पाहिली. "एकटीच राहणार? मग नको." एकांनी तर विचारलं, "शनिवार-रविवार गावाला जाणार असाल तर देतो." म्हणजे मी शुक्रवारी संध्याकाळी कपडे बोचक्यात बांधायचे, माझ्या पलंगावर दोन रात्री दुसरं कुणी झोपणार, आणि सोमवारी मी परत. निमे, त्या दिवशी एसटी स्टँडवर बसून मी रडले.

मग ही खोली मिळाली. इस्राएल आळीत, बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर. लाकडी जिना, वर माझी माडी, खाली घरमालकीण काकू एकट्या. आळीला हे नाव बेने इस्राएली ज्यूंमुळे. त्यांचं मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर इथेच आहे, १८४८ चं, पुढे १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. ही माणसं पूर्वी घाण्यावर तेल काढायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावोगाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरात मराठीच बोलत. बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, आता थोडीच उरलीत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा विसाव्याचा दिवस सुरू होतो. नेमक्या त्याच वेळी मांडव्याकडून गाड्यांची रांग गावात शिरते. २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट माणूस बोटीने तासाभरात मांडव्याला उतरतो. मग रविवार दुपारपर्यंत हॉर्न, दारात आडवी लावलेली गाडी, नळाला बारीक धार, आणि जिताडा माशाचा भाव असा की आम्ही नुसतं बघून पुढे जावं.

पण बाकीचे दिवस? सकाळी कोळीवाड्यातल्या मावश्या टोपल्या घेऊन बसतात. त्यातली एक मला मांदेली साफ करून देते, कारण मला ती अजून धड जमत नाहीत. साताऱ्याकडच्या पोरीला काटे काय कळणार, असं म्हणत एकदा तिने माझा हात धरून सुरी कशी फिरवायची ते दाखवलं. मार्चमध्ये पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात, एवढा गोड कांदा की कच्चा खावा. थंडीत ऑफिसच्या मंडळींनी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वर पुन्हा पाला, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. मडकं फोडल्यावर जो वास सुटला, तो माझ्या स्वेटरला दोन दिवस होता.

आणि इथली वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला घ्यायचे. तिथे विजेवरच्या ट्रॅम येणार, त्यांनी मापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आणलं. लोखंडाचा अंश नसलेला दगड शोधून इमारती बांधल्या. ऑफिसातून परतताना तिच्यावरून चालत येते, तेव्हा मला दर वेळी बरं वाटतं. एवढी नाजूक सुई ज्या गावात स्थिर राहू शकते, ते गाव मला सोडवत नाही.

त्रास आहेतच. खाऱ्या वाऱ्याने कडी-कोयंडा गंजतो, पापड तासात मऊ पडतात, जूनपासून चादर वाळतच नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या माडीची निम्मी कौलं उडाली होती. नवी कौलं अजून जुन्यांहून लाल दिसतात, पलंगावर पडल्या पडल्या मी ती मोजते.

पण खरं कारण काकू. मागच्या महिन्यात त्यांच्या पुतण्याने माडी पर्यटकांना द्यायचा विषय काढला. मी जिन्यावरच होते, पाय पुढे टाकवेना. काकू म्हणाल्या, "रोज नवं माणूस वर आलं, तर रात्री मला बरं वाटेनासं झाल्यावर हाक कुणाच्या नावाने मारू?" पुतण्या गप्प. संध्याकाळी त्यांनी खालून काठीने तक्तपोशीला दोनदा ठोकलं. दोनदा म्हणजे चहा. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. दुसऱ्या दिवशी मी नव्या अकरा महिन्यांच्या कराराचं विचारलं, तर म्हणाल्या, "नोंदवूया की, तुला झोप लागेल."

तू ये. शनिवारी नको, आठवड्यातला एक दिवस रजा काढ. काकूंचा हिशोब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, ती पूर्ण भरतीची वेळ, आणि त्याच्या सहा तास आधी ओहोटी. चतुर्थी धरली तर तीनला भरती, सकाळी नऊच्या सुमारास पाणी ओसरलेलं. किल्ल्यात चालत जाऊ. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी खारं असताना. फक्त ती चतुर्थी मंगळवारची नको, अंगारकीला तिथल्या सिद्धिविनायकाला फार गर्दी होते.

कॅलेंडर बघून दिवस कळव. येताना आईकडून ज्वारीचं पीठ आण, आणि काकूंसाठी थोडे कंदी पेढे.

तुझी,
मनी