माझ्या पोपटी फरश्या कुठे दळायच्या?

महोदय,

राडारोडा जागच्या जागी जिरवणाऱ्या फिरत्या क्रशरवरचा कालचा लेख वाचला. फोटो सुरेख आहे. हे यंत्र मला फोटोत बघायची गरज नव्हती म्हणा. शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे आणि तीन आठवडे ते आमच्या गॅलरीसमोरच घरघरतंय. आवाजाची तक्रार नाही. तीस वर्षं ओव्हरसियरकी केलेला माणूस मी, खुर्ची टाकून बघत बसतो. पोकलेन स्लॅबचे तुकडे जबड्यात टाकतं, सळया चुंबकाच्या पट्ट्याला चिकटून बाजूला पडतात, खाली खडी. डंपरच्या फेऱ्या वाचतात, हे खरंच. पाण्याचा फवारा मात्र मोठे साहेब साइटवर आले की सुरू होतो. एरवी आमच्या तुळशीवर पांढरा थर.

तर मुद्दा माझ्या न्हाणीघराचा. जानेवारीत जुन्या फरश्या काढल्या. १९८६ च्या, पोपटी. साबणाच्या कोनाड्यासकट सगळं निघालं, अकरा पोती भरली. गवंडी म्हणाला, "काका, उचलायचं आपल्याकडे नाही." महापालिकेच्या कार्यालयात फोन केला, तर "वाघोलीच्या प्रकल्पावर नेऊन द्या." कोथरूडहून वाघोली, अकरा पोती, पीएमटीने न्यायची का, असं विचारल्यावर फोन ठेवला गेला. ॲपवर तक्रार टाकली. चौथ्या दिवशी 'तक्रार निकाली' असा संदेश आला, तेव्हा मी जिन्यात त्याच पोत्यांना वळसा घालून चाललो होतो.

शेवटी शेजारी गेलो. म्हटलं, तुमची गिरणी चालूच आहे, आमचं एवढं दळण घ्या. सुपरवायझर मुलगा सभ्य होता. म्हणाला, "आजोबा, टाइल्स नाही चालत, माल खराब होतो." आणि तो खरं बोलला. चिनीमातीचे तुकडे काँक्रीटच्या खडीत मिसळले की ती खडी कामाची राहत नाही. तुमच्या लेखात पाडतानाच माल वेगळा करण्याबद्दल अवाक्षर नाही, जसं काही पूर्ण इमारत तोंडात टाकली की यंत्र शुद्ध खडी बाहेर देतं. 'याच खडीतून नवा टॉवर' वगैरे लिहिण्याआधी आयएस ३८३, म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक, तरी चाळायचं. सळईच्या काँक्रीटमध्ये जुन्या काँक्रीटची अशी जाडी खडी २० टक्क्यांपर्यंतच, तीही एम २५ या ताकदीच्या काँक्रीटपर्यंत. भरावाला खुशाल वापरा.

असो. पंधराशे रुपये देऊन टेंपोवाला बोलावला. कुठे टाकणार विचारलं, तर "आपली जागा आहे." आठ-दहा दिवसांनी सकाळी राजाराम पुलाकडे फिरायला गेलो, आणि नदीच्या उतारावर ओळखीचा पोपटी रंग! जवळ जाऊन पाहिलं. कोनाडा अख्खा होता, त्यात सौ.नी लावलेला पितळी हूकसुद्धा. म्हणजे पंधराशे रुपये मोजून नदीत राडारोडा मीच टाकला. उद्या तुम्ही 'बेजबाबदार नागरिक' असा अग्रलेख लिहाल, तो माझ्यावरच.

राडारोड्याबद्दलच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर माल काढणाऱ्याने तो वेगळा करायचा, योजना द्यायची, असं होतं. बाकीच्यांसाठी स्थानिक संस्थेने कंटेनर ठेवायचे, हेही त्याच नियमांत होतं. आमच्या भागातला कंटेनर कुणी पाहिला असल्यास कळवावे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत उत्पादकाच्या जबाबदारीची, म्हणजे राडारोडा ज्याचा त्यानेच निस्तरायचा, अशी भाषा आहे, पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना. माझं न्हाणीघर पाच बाय सात फूट.

जाता जाता आणखी एक. कालच्या अंकाची पहिली दोन पानं टॉवरच्या जाहिरातीची होती, ती उलटल्यावर मुख्य पान लागलं. पर्यावरणाचा लेख सातव्या पानावर. अंकाचे पैसे मी देतो, पहिलं पान बिल्डरला, हा हिशेब कसा?

फरश्या कालपर्यंत तिथेच होत्या. फोटोग्राफर पाठवणार असाल तर सकाळी सहा ते सात मी पुलावर असतो, जागा दाखवीन.

आपला,
एक जुना वर्गणीदार
कोथरूड, पुणे