ताई, तुम्ही म्हणालात, 'लिही, 1984'

परळ, मुंबई

प्रिय ताई,

तुमच्या दारात येऊन दोनदा आभार मानायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय तोडलात, दुसऱ्यांदा लसणाच्या चटणीची वाटी हातात देऊन परत पाठवलंत. म्हणून आता हे उघड पत्र. चाळीतल्या सगळ्यांनी वाचावं असं वाटतं. आणि ज्यांच्या हातात मुलाने किंवा मुलीने पाठवलेलं अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीचं पत्र आहे आणि छातीतला क्षयाचा एखादा जुना डाग आठवून ज्यांची झोप उडाली आहे, त्या बायकांनी तर नक्कीच वाचावं.

लेक अमेरिकेची नागरिक झाली आणि तिने आम्हा दोघांना तिकडे कायमचं नेण्यासाठी अर्ज भरला. नागरिकाच्या आईवडिलांना रांग नसते. भावाबहिणींना पंधरा वर्षांहूनही जास्त थांबावं लागतं, त्या मानाने आमचं नशीब चांगलं. न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या व्हिसा केंद्राकडे लेकीने कागद चढवले: तिची करपत्रं, आम्हाला सांभाळण्याचं तिचं हमीपत्र, आमचे पोलीस दाखले. तोवर सगळं तिच्या हातात होतं. मग मुलाखतीची तारीख आली आणि सोबत एक ओळ आली: त्याआधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे दोघांची वैद्यकीय तपासणी. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे.

ती ओळ वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. ह्यांना वाटलं, लेकीच्या आठवणीने रडतेय.

ताई, त्या संध्याकाळी मी गॅलरीत तुमच्याशेजारी उभी राहून किती आडून विचारलं होतं, आठवतं? "खूप जुना डाग एक्स-रेत दिसतो का हो?" तुम्ही महापालिकेच्या क्षयरोग विभागात उभा जन्म काढलेला. वस्त्यावस्त्यांत फिरून, अर्धवट औषध सोडलेल्यांना हुडकून परत दवाखान्यात आणणं हे तुमचं काम. तुमच्यापुढे काय लपणार? तुम्ही मान वळवलीसुद्धा नाहीत. रस्त्याकडे बघतच म्हणालात, "कुठल्या साली झाला होता?"

चाळीसहून जास्त वर्षं तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

बाबा गिरणीत होते. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला आणि घरातला पगार थांबला. दोन वर्षांनी मला खोकला लागला, संध्याकाळी ताप, वजन उतरत चाललेलं. मी एकवीस वर्षांची. नऊ महिने औषध घेतलं, पहिले दोन महिने रोज सुई. बरी झाले. पुढे 1987 मध्ये लग्न ठरलं तेव्हा आईने दवाखान्याचे सगळे कागद फाडले आणि मला बजावलं, हे तोंडातून काढायचं नाही. आईचा राग मला कधीच आला नाही. क्षय झालेल्या मुलीला कोण करून घेत होतं तेव्हा? मी तिचा शब्द पाळला. सासूबाई गेल्या तरी पाळला. ह्यांनाही कधी सांगितलं नाही.

माझा भाऊ म्हणाला, "गप्प बस. डाग दिसला तर लहानपणी न्यूमोनिया झाला होता म्हणून सांग." माझंही तेच ठरलं होतं. तुम्ही मात्र मला तुमच्या खोलीत नेऊन बसवलंत आणि अर्धा तास समजावलंत. तो अर्धा तास इथे लिहून ठेवते, कारण त्याचा उपयोग आणखी कुणाला तरी होईल.

तुम्ही सांगितलंत, बरा झालेला क्षय ही व्हिसा नाकारायची गोष्टच नाही. अंगात जिवंत, दुसऱ्याला लागणारा क्षय असला तर आधी इथे उपचार पुरे करायचे आणि मग जायचं. तिथेही दार बंद होत नाही, उशीर होतो. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलं तर मात्र कायमचं अडकायला होतं. आणि एक्स-रेचं तर सोपं आहे. जुना व्रण आणि चालू आजार यांतला फरक एकट्या फोटोवरून नक्की सांगता येत नाही, म्हणून डाग दिसला की बेडका तपासणारच, तुम्ही काहीही सांगा. "मग खरं सांगून तपासून घे," तुम्ही म्हणालात. "डॉक्टरला माहिती मिळाली की त्यालाही निदान करणं सोपं जातं."

मी म्हटलं, कागद एकही नाही, कोण विश्वास ठेवणार? तेव्हा तुम्ही नातवाची वही ओढलीत, पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "लिही. 1984."

माझा हात थरथरत होता. तुम्ही एकेक प्रश्न विचारत गेलात. दवाखाना कुठला? सुई कमरेत की दंडात? गोळ्या किती, रंग कुठला? मला रंग आठवेना. मग तुम्ही विचारलंत, "लघवी केशरी व्हायची का गं?" आणि मला एकदम सगळं आठवलं. चाळीच्या सामायिक संडासात मी कशी घाबरले होते, आईला कशी हाका मारत आले होते, सगळं. तुम्ही हसलात. "म्हणजे रिफाम्पिसिन होतं. चांगलं औषध मिळालं तुला." त्या कॅप्सूल बाहेरून विकत आणाव्या लागायच्या, आईच्या पाटल्या त्यातच गेल्या, हेही मी लिहिलं. डॉक्टरांना त्याचा काय उपयोग, पण तुम्ही खोडू दिलं नाहीत.

रात्री ते पान मी ह्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "संपाच्या दिवसांत दूध-अंडी मिळत होती का तुला?" ताई, एवढंच. दुसरा प्रश्न नाही, त्या दिवशी नाही आणि आजपर्यंत नाही.

तपासणीला तारखेच्या तोंडावर जायचं नाही, पत्र हातात पडताच जायचं, हाही तुमचाच हट्ट. त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस वाचले. पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, फोटो, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, लसींची जुनी कार्डं असं सगळं तुम्ही एका पिशवीत भरून दिलंत. लसींचा हिशेब वयावर असतो, हे मला तिथे कळलं. माझा जन्म 1963 चा, म्हणून गोवर-गालगुंडाची लस मला घ्यावी लागली. हे 1956 चे, त्यांना ती माफ. 1957 च्या आधी जन्मलेल्यांना ते आजार होऊनच गेलेत असं धरतात. त्यांना न्यूमोनियाची लस मात्र टोचली.

डॉक्टरांनी विचारलं, कधी टीबी झाला होता का? मी "हो" म्हटलं आणि वहीचं पान पुढे केलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि फाइलला लावून घेतलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग होताच. मग तीन दिवस लागोपाठ सकाळी येऊन त्यांच्या माणसासमोर बेडका द्यायला सांगितलं.

त्या तीन सकाळी मी विसरणार नाही. तुमचे गुडघे दुखतात, परळ स्टेशनचे जिने तुम्हाला नकोसे होतात, तरी पहिल्या दिवशी पहाटे तुम्ही पदर खोचून दारात उभ्या होतात. गाडीत हळू आवाजात मला शिकवत होतात: "थुंकी नको, बेडका हवा. आधी साध्या पाण्याने चूळ भर. दोन-तीन लांब श्वास घे आणि मग पोटातून खोक." पहिल्या दिवशी काही येईनाच. मिठाच्या पाण्याची वाफ दिली तेव्हा आलं. मला आत शिरल्यावर पहिल्यांदा शरम वाटली होती. बाहेर आले तर तुम्ही बाकावर बसून एका अनोळखी पंजाबी मुलाला हाच धडा हिंदीतून देत होतात. भारतातले बहुतेक इमिग्रंट व्हिसा, म्हणजे कायम राहायला जाण्याचे, आपल्या मुंबईतच होतात, त्यामुळे कुठून कुठून लोक आलेले, हॉटेलचं भाडं भरत थांबलेले. आपण लोकलने जाऊन दुपारी घरी जेवायला परत. दुसऱ्या दिवसापासून हे स्वतःहून सोबत आले. तुम्हाला म्हणाले, "तुम्ही आराम करा, आता मी आहे."

मग वाट बघणं सुरू झालं. काचपट्टीवरची तपासणी लगेच निगेटिव्ह आली आणि मी पेढे आणायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. काचपट्टीवर जंतू दिसायला ते भरपूर असावे लागतात. थोडे असले तर ते वाढवूनच बघावे लागतात, त्याला कल्चर म्हणतात आणि त्याला आठ आठवडे लागतात. मी विचारलं, आठ आठवडे कशाला? तुम्ही म्हणालात, "विरजण रात्रीत लागतं, कारण दह्याचे जंतू भराभर वाढतात. हा मेला संथ. एकाचे दोन व्हायला याला पंधरा-वीस तास लागतात." तेव्हापासून रोज दूध विरजताना मला ते आठवतं.

मुलाखत कल्चरचा निकाल यायच्या आधीच होती. ती तुम्ही गॅलरीत चार संध्याकाळ घोटून घेतलीत. तुम्ही अधिकारी, आम्ही दोघं समोर मोड्यावर. मुलगी कधी गेली, कुठल्या गावी असते, काय करते, जावई कोण, तुम्ही तिथे गेल्यावर खर्च कोण करणार. मी प्रत्येक उत्तराला पाल्हाळ लावत होते आणि तुम्ही दर वेळी हात वर करून थांबवत होतात: "विचारलं तेवढंच." लेकीच्या जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं. आपल्याकडे लग्नात नावच बदलतात, हे तिकडच्या माणसाला कसं कळायचं? म्हणून लग्नाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला अस्सल, वरच ठेवायला लावलेत. तो सल्ला अचूक निघाला, खिडकीतल्या बाईंनी पहिला कागद तोच मागितला.

बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत, मुलाखतीच्या दिवशी मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून आमचे दोन्ही फोन घेऊन तुमचा नातू बाहेर रस्त्यावर तीन तास उभा होता. त्यालाही हे पत्र वाचून दाखवा. आत उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घेतली. मी शपथ मराठीत मनातही म्हटली. त्या क्षणी ताई, मला इतकं हलकं वाटलं! खोटं सांगायचं ठरवून गेले असते तर तो हात वर कसा केला असता मी?

चार-पाच प्रश्न झाले आणि मला एक कागद मिळाला. त्यावर 221(जी) असं कलम आणि 'नाकारला' असा शब्द. घरी येईपर्यंत मी गळून गेले होते. लेक फोनवर रडत होती. तुम्ही कागद हातात घेतलात, नातवाकडून शेवटपर्यंत वाचून घेतलात आणि खालच्या खुणेवर बोट ठेवलंत: वैद्यकीय अहवाल यायचा बाकी. "पहिला शब्द वाचून घाबरायचं नसतं, कारण वाचायचं. अहवाल गेला की हेच पुढे चालू होईल." तसंच झालं. आठ आठवड्यांनी कल्चर निगेटिव्ह आलं. माझ्या अहवालावर 'वर्ग बी-1' असं लिहिलं आहे: एक्स-रेत खूण आहे, बेडक्यात जंतू नाहीत. पासपोर्ट जमा केले आणि व्हिसा छापून आला.

एक गोष्ट मात्र आम्हा कुणाच्याच ध्यानात आली नसती. व्हिसाची मुदत तपासणीच्या मुदतीला बांधलेली असते. ह्यांची सहा महिन्यांची आणि बी-1 असल्यामुळे माझी फक्त तीन. लेक सणानंतरची तिकिटं बघत होती. तुम्ही व्हिसावरची तारीख बोट ठेवून वाचलीत आणि म्हणून आम्ही या महिन्यात निघतोय.

पेढे तेव्हा राहिले होते, ते काल वाटले. तुम्ही एकच घेतलात, तोही अर्धा नातवाला दिलात.

ताई, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या दारात गेलात आणि दारं तोंडावर लावून घेणारी माणसं पाहिलीत. शेजारच्यांना कळू नये म्हणून रुग्ण तुम्हाला खोटा पत्ता द्यायचे, असं तुम्ही एकदा सांगितलं होतं. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक आपल्या देशात आहे, तरी प्रत्येक घर म्हणतं, आमच्याकडे नाही. इतकी वर्षं मीही त्यांतलीच होते, तेही तुमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर राहून. त्याबद्दल तुम्ही एका शब्दानेही मला लाजवलं नाहीत.

एक्स-रेची सीडी हँडबॅगेत ठेवली आहे, सुटकेसमध्ये नाही, तुम्ही सांगितलंत तशी. तिथे पोचल्यावर आरोग्य खात्याकडून बोलावणं येईल, पुन्हा छाती बघतील. त्यासाठी वहीच्या पानाची झेरॉक्सही घेतली आहे. वर तुम्ही लाल पेनाने 'पूर्ण बरी' लिहून खाली सही केलीत, ती झेरॉक्समध्ये काळी आली आहे, पण वाचता येते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वहिनी