झाकण लावलं तरी लॅपटॉप जागाच

संपादक साहेब, नमस्कार.

परवा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघालो, लॅपटॉपचं झाकण लावून बॅगेत टाकला आणि कल्याण येईपर्यंत बॅग अशी तापली की शेजारचे काका म्हणाले, अहो आत गरम पोळ्या ठेवल्यात का! उघडून बघतो तर पंखा घरघरतोय, बॅटरी ९२ टक्क्यांवरून ३१.

दुकानदार म्हणतो विंडोज परत टाका, कंपनीवाले ड्रायव्हरवर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ढकलतात. अहो, हेच भांडण मिटवायला तर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय, म्हणजे कॉम्प्युटरची वीज आणि झोप सांभाळायचे सामाईक नियम, आणलं ना? आधीच्या एपीएम नावाच्या पद्धतीत बराचसा कारभार बायोसच, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, परस्पर उरकायचा. एसीपीआयमध्ये मदरबोर्ड बनवणारा हार्डवेअरची माहिती टेबलांमध्ये लिहून देतो आणि कोणाला कधी झोपवायचं ते ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते, मग ती विंडोज असो की लिनक्स. कल्पना झकासच, पण ती टेबलंच कोणी घाईत, फक्त विंडोजवर तपासून सोडली तर लिनक्सवाल्याने काय करायचं?

त्यात आता बऱ्याच नवीन मशीनमधून जुनी एस-थ्री झोपच गायब, म्हणजे रॅमला तेवढा करंट, बाकी जवळपास सगळं बंद, ती. त्याऐवजी मोबाईलसारखं अर्धवट जागं राहायचं. मोबाईलचं ठीक आहे हो, तो काही स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत कोंबत नाही आपण. बायोसमध्ये दोन्ही पर्याय ठेवायला यांचं काय जातं?

सध्या मी हायबरनेट करतो, रॅममधलं सगळं डिस्कवर जातं, उठायला वेळ लागतो पण बॅग थंड राहते.

– एक वाचक, सिडको, नाशिक