बर्लिनमधल्या बिननावाच्या मदतगारांचे आभार

अ‍ॅमस्टरडॅमहून बर्लिनला बिऱ्हाड हलवलं आणि आमची आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासी नोंदणी, एकदाची झाली. ज्यांची नावंही विचारायची राहिली, त्यांचे हे आभार.

घरात राहायला आल्यापासून २ आठवड्यांत नोंदणी करा, असं जर्मन कायदा सांगतो. बर्लिनमध्ये तेवढ्यात अपॉइंटमेंट मिळवणं म्हणजे दिवाळीत कोकण रेल्वेचं तिकीट! आपल्याच भागातलं ब्युर्गरआम्ट, म्हणजे नोंदणी करणारं नागरी कार्यालय, हवं असं नाही, शहरातलं कुठलंही चालतं, हे गणपतीच्या आरतीला भेटलेल्या एका ताईंनी सांगितलं. जीव भांड्यात पडला. नुसता भाडेकरार पुरत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो, हेही त्यांनीच बजावलं.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आमचं आडनाव स्वतः टपालपेटीवर चिकटवलं. इथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि कर क्रमांक तर टपालानेच येतो. त्यांना इंग्रजी येत नाही, आमची जर्मन यथातथाच. तरी काही अडलं नाही.

रांगेतल्या एका तुर्की बाईंनी फॉर्ममधल्या धर्माच्या रकान्याचं कोडं सोडवलं. नोंदणीकृत चर्चच्या सभासदांना प्राप्तिकराच्या ९ टक्के चर्चकर पडतो, म्हणून तो प्रश्न. आम्हाला अर्थातच लागू नाही.

आणि नेदरलँड्स सोडण्याआधी तिथल्या नगरपालिकेत नाव कमी करायची आठवण करणाऱ्या शेजाऱ्यांनो, तुमचेही मनापासून आभार. बर्लिनला आलात तर चहाला या.