मोगऱ्याला ताण द्यायला सांगणाऱ्या माळीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मोगरा हिरवागार आहे पण कळी धरत नाही म्हटल्यावर तुम्ही खताचं नावही काढलं नाहीत. ऊन किती तास मिळतं, एवढंच विचारलंत. त्या प्रश्नाबद्दल पहिले आभार. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर पुढचं सगळं वाया जातं, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

मोठे आभार मात्र ताण, म्हणजे काही दिवस पाणी तोडणं, आणि छाटणीबद्दल. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्याला येते. जुन्या फांद्या तशाच ठेवून खत घातलं की पाला वाढतो, फुलं नाहीत. युरियाने तर हमखास. म्हणून हिवाळा सरताना दोनेक आठवडे पाणी तोडायचं. पानं मलूल झाली तरच थोडं द्यायचं, फांद्या वाळू द्यायच्या नाहीत. मग वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या बुडातून काढायच्या, उरलेल्या निम्म्यापर्यंत छाटायच्या. काप डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर, तिरका. राहिलेली पानं हाताने खुडायची. हे करायला हात धजत नाही, पण त्याशिवाय सगळे डोळे एकदम फुटत नाहीत. तुम्ही ठामपणे सांगितलंत म्हणून धीर आला.

खत त्यानंतर. बारा इंची कुंडीत वरची माती हलकेच मोकळी करून दोन मुठी कुजलेलं शेणखत, एक चमचा हाडांचा चुरा, आणि भरपूर पाणी. फुटवे दिसले की दर पंधरा दिवसांनी एकदा लिटरभर पाण्यात एक ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे पाण्यात विरघळणारं पालाशचं खत. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत ती नेहमीची, तिथे चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारायचं.

कळ्या जांभळट होऊन, भोक पडून गळतात तेव्हा दोष खताचा नसतो, आत अळी असते, हेही तुमच्यामुळेच कळलं. अशा कळ्या वेचून नष्ट करायच्या आणि संध्याकाळी लिटरला पाच मिली निंबोळी तेल, साबणाचे थेंब घालून फवारायचं.

पहिला बहर ओसरला की फुललेला शेंडा पानांच्या दोन जोड्यांसकट खुडायचा, म्हणजे खालून पुन्हा फुटवे येतात. पुढचा बहर त्यांच्यावरच. यासाठीही मनापासून आभार.

तुमचे ऋणी,
मोगरा लावणारे आम्ही सगळे