अडीच फुटांच्या दोन रेघा

आदरणीय आप्पा,

सविनय नमस्कार.

पाचोरा–जामनेर मार्गावरील ‘पीजे’ गाडीविषयीचा माझा लेख तपासून देण्यासाठी आपण भर वैशाखातील एक अख्खी दुपार खर्ची घातलीत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. जामनेर, पहूर, शेंदुर्णी भागातल्या कापसाच्या गाठी एकदा डब्यात चढल्या की थेट मुंबई बंदरातच उतरत, असे मी मोठ्या ऐटीत लिहिले होते. ते वाक्य आपण दोनदा वाचलेत, चष्मा काढून ठेवलात आणि नातवाला खडू आणायला पिटाळलेत.

ओट्याच्या फरशीवर आपण अडीच फूट अंतराच्या दोन रेघा ओढल्यात, त्यांच्या शेजारी साडेपाच फुटांच्या आणखी दोन, आणि “आता इकडचा डबा तिकडे न्या पाहू,” एवढेच म्हणालात. पीजेच्या दोन रुळांमधले 762 मिलिमीटर आणि मुंबईकडच्या मुख्य मार्गाच्या रुळांमधले 1676 मिलिमीटर हे अंतराचे आकडे माझ्या टिपणवहीत कधीपासून होते. पण धाकट्या रेघांवर दोन पाय सहज टेकले आणि थोरल्यांवर टेकता टेकता तोल गेला, तेव्हा कुठे ते डोक्यात शिरले. म्हणजे प्रत्येक गाठ पाचोऱ्याला उतरवून हमालांच्या हातांनी मुख्य मार्गावरच्या डब्यात पुन्हा भरावी लागे. अरुंद रूळ टाकताना वाचलेला पैसा या चढ-उतारात वर्षानुवर्षे मोजावा लागला आणि जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, दारातून थेट निघणाऱ्या ट्रकपुढे ही 56 किलोमीटरची वाट मालासाठी का टिकली नाही, हे त्या खडूच्या रेघांनी मला समजावले. आयुष्यभर रूळ सांभाळलेल्या गँगमनला हे सांगायला कागद लागत नाही. मला मात्र तीन महिन्यांच्या वाचनात ते दिसले नव्हते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत थांबलेली गाडी पुन्हा त्या अरुंद रुळांवर धावली नाही, हे लिहिताना माझा सूर रडका झाला होता. तो परिच्छेद आपल्या सांगण्यावरून मी काढून टाकला आहे. त्याऐवजी मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत 84 किलोमीटर नेण्याच्या योजनेविषयी लिहिले आहे. ती पूर्ण झाली की जामनेरचा डबा पाचोऱ्याला न थांबता मुख्य मार्गावर जाऊ शकेल, म्हणजे माझे ते चुकीचे वाक्य तेव्हा खरे ठरेल, असे आपण हसत म्हणालात, तेही घेतले आहे.

सूनबाईंनी ओटा धुतला असेलच. त्या चार रेघांची आकृती लेखाच्या पहिल्या पानावर छापली आहे. प्रत सोबत जोडत आहे. मापे एकदा पाहून घ्यावीत, ही विनंती.

आपला नम्र,
जामनेरचा एक प्रवासी