बायोडिझेल धुतलेलं पाणी जातं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वापरलेल्या तेलापासून बायोडिझेलची बातमी आपल्या पेपरात अधूनमधून येते, हॉटेलवाले तेल देतायत, सोसायटीत कॅन ठेवलाय, इतकं तेल गोळा झालं वगैरे, आणि ते चांगलंच आहे, वाद नाही. २०१८ पासून नियमच आहे की तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते परत कढईत घालायचं नाही. ते काळं तेल स्वस्तात कुणा गाडीवाल्याला विकलं जाण्यापेक्षा डिझेलच्या टाकीत गेलेलं बरं. पण कुठल्याच बातमीत हे येत नाही की बनलेलं बायोडिझेल धुतात कशाने आणि ते पाणी पुढे जातं कुठे.

मी केमिकल लाइनमधला माणूस, लॅबचं काम करतो, म्हणून हे जरा जास्तच खटकतं. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक (कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली) घालून साठेक डिग्रीला ढवळलं की वर बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन, काकवीसारखं दाट आणि काळपट, वजनाने साधारण १० टक्के. खालचं काढून घेतलं की झालं असं लोकांना वाटतं, पण वरच्या थरातसुद्धा थोडं ग्लिसरीन, मिथेनॉल, कॉस्टिक आणि साबण राहतोच. वापरलेल्या तेलात फ्री फॅटी अ‍ॅसिड (तेलातून सुटं झालेलं आम्ल, कॉस्टिकशी मिळून त्याचा साबण होतो) जास्त, त्यामुळे साबण पण जास्त. बायोडिझेलच्या आपल्या भारतीय स्टँडर्डमध्ये, आयएस १५६०७ मध्ये, फ्री ग्लिसरीनची लिमिट ०.०२ टक्के आहे, म्हणजे टनामागे फक्त २०० ग्रॅम! त्याच्या वर गेलं की टाकीच्या तळाला बसतं, फिल्टर चोक होतो, इंजेक्टरवर थर चढतो, आणि मग गाडीवाला बायोडिझेललाच शिव्या घालतो.

म्हणून गरम पाण्याने धुवायचं, आणि ते पण वरून हलक्या फवाऱ्याने, कारण घाई करून जोरात ढवळलं की साबणामुळे असं पांढरं इमल्शन (तेल-पाण्याचं न सुटणारं मिश्रण) धरतं की दुसऱ्या दिवशी सकाळी आलात तरी जसंच्या तसं, मग मीठ टाका, अ‍ॅसिड टाका, वाट बघा. असे दोन-तीन वॉश, आणि शेवटी आत राहिलेलं पाणी उडवायला परत तापवायचं, म्हणजे इंधन जाळून इंधन सुकवायचं. खालून निघतं ते पाणी अल्कलाइन, त्यात साबण, मिथेनॉल, तेलाचे अंश, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) भरपूर. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) असेल आणि तो चालूही असेल (हे ‘चालूही’ महत्त्वाचं) तर ठीक, नाहीतर नाला आहेच आणि पुढे मुळा-मुठा, तिथे फेसाची आधीच काही कमी नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. मॅग्नेशियम सिलिकेटची पावडर किंवा आयन एक्स्चेंज रेझिन (अशुद्धी धरून ठेवणारे बारीक मणी) वापरून ड्राय वॉश करतात, पाणी लागत नाही, पण वापरलेली पावडर टाकायची कुठे हा प्रश्न उरतोच. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते डीप युटेक्टिक सॉल्व्हंट, म्हणजे दोन पदार्थ मिसळले की वितळणबिंदू खूप खाली येऊन होणारा द्रव. इंग्लंडमधल्या लेस्टर युनिव्हर्सिटीच्या अँड्र्यू अ‍ॅबट यांच्या ग्रुपने २००३ मध्ये कोलीन क्लोराइड आणि युरिया, दोन्ही घन पदार्थ, ठराविक प्रमाणात मिसळून द्रव बनवून दाखवला, आणि पुढे २००७ मध्ये कोलीन क्लोराइड आणि ग्लिसरीनचं मिश्रण वापरून बायोडिझेलमधलं ग्लिसरीन ओढून काढलं. कोलीन क्लोराइड म्हणजे काही दुर्मिळ केमिकल नाही, कोंबडीखाद्यात घालतात ते, आणि पोल्ट्री आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे का! दुसरा घटक ग्लिसरीन, ते तर प्लांटमध्येच तयार होतं. हे मिश्रण बायोडिझेलमध्ये मिसळत नाही, ग्लिसरीनला हायड्रोजन बाँडने धरून खाली बसतं आणि वरचा थर काढून घ्यायचा.

पण लगेच ‘ग्रीन’ म्हणून टाळ्या नकोत. हे मिश्रण घट्ट असतं, पंप करायला त्रास. साबण आणि मोनो-डायग्लिसराइड (अर्धवट रिअ‍ॅक्शन झालेलं तेल) हे मिश्रण ग्लिसरीनइतक्या सहज काढेलच असं नाही. काही जण ग्लिसरीनऐवजी एथिलीन ग्लायकॉल घेतात, म्हणजे गाडीच्या कूलंटमधलं, जे पोटात गेलं तर विष, त्याला पर्यावरणस्नेही कसं म्हणायचं ते मला तरी कळत नाही. आणि खरी गोची म्हणजे एकदा ग्लिसरीनने भरलेलं सॉल्व्हंट परत वापरायचं कसं? ग्लिसरीन २९० डिग्रीला उकळतं, डिस्टिल करायला गेलात तर विजेचं बिल बघून मालक चक्कर येऊन पडेल. ब्युटॅनॉल घालून कोलीन क्लोराइड खाली पाडता येतं पण सगळं हाती लागत नाही, आणि मग ब्युटॅनॉलही परत काढत बसायचं.

पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, कोथरूडला एआरएआय (गाड्या-इंजिनं तपासणारी संस्था) आहे, इंधन बनवणं आणि इंजिनात तपासणं दोन्ही जाणणारी माणसं याच शहरात बसतात. बायोफ्युएल पॉलिसीत २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं टार्गेट आहे, म्हणजे युनिट वाढणार. तेव्हा परवानगी देताना १०० लिटर मालाला किती पाणी लागतं आणि ते कुठे सोडता हे लेखी घ्या, आणि तळणाच्या खऱ्या तेलावर, लॅबमधल्या स्वच्छ सोयाबीन तेलावर नाही, एक पायलट ट्रायल इथेच होऊ द्या. त्याची बातमी करायला आपला प्रतिनिधी गेला तर सॉल्व्हंट किती टक्के परत मिळालं हा आकडा आधी विचारावा, बायोडिझेल किती शुद्ध झालं ते नंतर.

आपला,
एक वाचक, भोसरी